मोटरहोममागे छोटी गाडी: चारही चाकांवर ओढण्याच्या कामाची नोंदवही

५ जानेवारी

ताई-भावोजींच्या मोटरहोममागे (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) त्यांची छोटी गाडी जोडायचं काम आजपासून हातात घेतलं. मुक्कामी पोहोचून मोटरहोम सपाट जागी लावली, पाणी-विजेच्या जोडण्या केल्या, की मग एखाद्या छोट्या कामासाठी ते सगळं पुन्हा आवरून साडेसात मीटर लांबीची गाडी अरुंद रस्त्यावर काढायचा दोघांनाही कंटाळा येतो. छोटी गाडी बरोबर असली की हा प्रश्नच मिटतो.

ओढून नेण्याचे प्रकार तीन. गाडी आख्खी ट्रेलरवर चढवायची. पुढची दोन चाकं डॉलीवर (दोन चाकांच्या छोट्या गाड्यावर) घेऊन मागची दोन रस्त्यावर ठेवायची. किंवा चारही चाकं रस्त्यावर ठेवून टो-बारने, म्हणजे दोन्ही गाड्यांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्याने, ओढायची. गाडीच्या दृष्टीने ट्रेलर सगळ्यात निर्धोक, कारण तिचं एकही चाक फिरत नाही. पण ट्रेलरचं स्वतःचंच वजन तीन-चारशे किलोच्या घरात जातं आणि मुक्कामाला तो रिकामा ठेवायचा कुठे, हे उरतंच. डॉलीचीही तीच अडचण, शिवाय दर वेळी चाकांवरचे पट्टे आवळत बसायचं. ताईला तिसरा प्रकार हवा आहे. जोडणं-सोडणं थोडक्यात होतं आणि सोडल्यावर सांभाळायला मागे काही राहत नाही. मलाही तोच पटतो, एका अटीवर: गाडीचा गिअरबॉक्स तो सोसणारा हवा. म्हणून पाने बाहेर काढण्याआधी गाडीचं मॅन्युअल वाचायचं ठरवलं.

७ जानेवारी

मॅन्युअलमध्ये ओढून नेण्याविषयी दोन वेगळे मजकूर असतात, आणि ते वेगळेच धरायचे. एक बंद पडलेली गाडी थोडं अंतर हळू ओढून नेण्याबद्दल. दुसरा मोटरहोममागे जोडून लांब प्रवास करण्याबद्दल. पहिल्याला परवानगी आहे म्हणून दुसरंही चालेल, असं अजिबात नाही. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दुसऱ्याला स्पष्ट होकार आहे: गिअर न्यूट्रलमध्ये, किल्ली पहिल्या खुणेवर, हँडब्रेक सुटलेला, वेग ताशी १०० किमीच्या आत.

यामागचं कारण नीट समजून घेतलं, कारण सगळं काम त्यावर उभं आहे. गाडी ओढली जात असताना इंजिन बंद असतं, पण चाकं पूर्ण वेगात फिरत असतात. चाकांबरोबर गिअरबॉक्सचा अर्धा भाग फिरतो. त्या भागाला तेल मिळतंय का, एवढाच प्रश्न. आमची गाडी पाच गिअरची मॅन्युअल, इंजिन आडवं, जोर पुढच्या चाकांना. तिचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) गिअरबॉक्सच्याच पोटात आहे. त्याचं मोठं दातेरी चाक तळाच्या तेलात बुडालेलं असतं आणि फिरताना ते तेल वर उडवत राहतं. बेअरिंगांना तेवढं पुरतं.

सगळ्या मॅन्युअल गाड्यांना हे लागू होत नाही. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या काही गिअरबॉक्समध्ये तेल उडवण्याचं काम खालचा शाफ्ट करतो, आणि तो फिरतो इंजिनाच्या बाजूने. इंजिन बंद की तो थांबला. वरचा शाफ्ट मात्र चाकांबरोबर गरगरत राहतो, कोरडा. अशा गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) सोडवता येईल अशी सोय करावी लागते. ऑटोमॅटिकमध्ये अडचण त्याहून मोठी: तेलाचा पंपच इंजिनावर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असताना आत तेलाचा दाब शून्य. बहुतेक सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलत जाणारा ऑटोमॅटिक) गाड्या याच कारणाने बाद होतात. अपवाद आहेत. होंडा सीआर-व्हीची २०१४ पर्यंतची मॉडेलं अमेरिकेत मोटरहोमवाल्यांची आवडती होती, कारण त्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला अशा ओढण्याची परवानगी होती. २०१५च्या मॉडेलला सीव्हीटी आला आणि ती परवानगी गेली. जीप रँग्लरसारख्या गाड्यांत ट्रान्स्फर केसलाच (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीलाच) वेगळं न्यूट्रल असतं, त्यामुळे गिअरबॉक्स चाकांपासून पूर्ण सुटतो आणि काळजी मिटते.

भावोजींनी विचारलं, "न्यूट्रलमध्ये टाकली की कुठलीही गाडी चालणार नाही का?" मी त्यांना वरचं सगळं तेलाच्या चित्रासकट समजावलं. न्यूट्रल म्हणजे आत काहीच फिरत नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी चांगले गिअरबॉक्स जळतात.

१० जानेवारी

वजनकाट्यावर जाऊन आलो. मोटरहोम प्रवासाला निघते तशीच भरून नेली होती: पाण्याची टाकी, गॅस, सामान, दोघं जण. काटा ४७८० किलोवर थांबला. पाटीवर तिचं कमाल भरलेलं वजन ५००० किलो आणि मागे ओढायच्या वाहनासकट कमाल जोडवजन ६५०० किलो लिहिलंय. छोटी गाडी टाकी भरून १०६० किलो. टो-बार आणि केबल पंचवीसेक किलो. बेरीज ५८६५. म्हणजे ६३५ किलो हातात राहतात. चढावर इंजिनाला आणि उतारावर ब्रेकला तेवढी मोकळीक हवीच.

साखळीतल्या बाकीच्या कड्यांचंही पाहिलं. मोटरहोमचा हिच (मागे बार जोडायची जागा) २००० किलोचा, जो टो-बार घ्यायचा विचार आहे तो २२७० किलोचा, गाडीच्या नाकाखाली बसवायचे ब्रॅकेट १५०० किलोचे. या तिघांत जो सगळ्यात कमी, तीच सगळ्या जोडणीची क्षमता. आमची १५००, आणि गाडी १०६०. चारही चाकांवर ओढण्याचा एक फायदा इथे दिसतो: गाडी स्वतःचं वजन स्वतःच पेलते, त्यामुळे हिचवर खाली दाबणारा भार जवळपास फक्त बारचाच येतो. मोटरहोमचा मागचा अ‍ॅक्सल आधीच बराच भरलेला आहे, त्याला हे बरं. ताईला एक सांगून ठेवलं, जास्तीचं सामान छोट्या गाडीत कोंबायचं नाही. आज मोजलेला आकडा मग खोटा ठरतो.

दुसरा हिशेब ब्रेकचा. मोटरहोमचे ब्रेक ५००० किलोच्या हिशेबाने बनवलेले. मागून १०६० किलो विनाब्रेक ढकलत असतील, तर तेवढ्याच ब्रेकांना आजच्या वजनापेक्षा बावीस टक्के जास्त काम. कोरड्या सरळ रस्त्यावर ते कळतही नाही, आणि घोळ नेमका तिथे होतो. पुढे स्टिअरिंगवर बसलेल्याला मागच्या गाडीचं काहीच जाणवत नाही. तिचं चाक अडकलं, टायर फुटला, हँडब्रेक लागलेला राहिला, तरी एवढ्या जड मोटरहोममध्ये आवाज नाही की हिसका नाही. माझ्या दृष्टीने ओढायचं लोखंड हा कामाचा सोपा भाग. मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक आणि स्वतःचे दिवे देणं, आणि तिची खबर पुढे पोहोचवणं, खरं काम हे आहे.

१४ जानेवारी

नियम देशोदेशी वेगळे. ब्रिटनमध्ये अशी ओढलेली गाडी ट्रेलर धरतात, आणि ७५० किलोच्या वर असेल तर तिचे ब्रेक चालते असावे लागतात. अमेरिकेत किती वजनाला वेगळा ब्रेक हवा ते राज्यागणिक बदलतं. आम्ही वाद न घालता ब्रेक, ब्रेकअवे (गाडी निसटली तर तिचे ब्रेक आपोआप लावणारी सोय) आणि पूर्ण दिवे असं तिन्ही बसवणार. नियमात सूट असली तरी १०६० किलो १०६० किलोच राहतात.

टो-बार मोटरहोमवर राहणारा घेतला. दोन हात दुर्बिणीसारखे आत-बाहेर सरकतात आणि सुटल्यावर मोटरहोमच्या मागे दुमडून उभे राहतात. गाडीवर राहणारा बार स्वस्त आणि हलका असतो, पण तो उचलून अचूक हिचच्या समोर आणायला गाडी तंतोतंत जागी उभी करावी लागते. सरकत्या हातांत थोडं इकडेतिकडे चालतं. ताई एकटीनेही जोडू शकली पाहिजे, ही तिची पहिली अट होती.

१९ जानेवारी

गाडीचा पुढचा बंपर उतरवला. त्याआधी बॅटरीची काळी वायर सोडून बराच वेळ थांबलो, कारण एअरबॅगचे सेन्सर पुढेच असतात. बंपरच्या आत धडक झेलणारी आडवी पोलादी पट्टी आहे. काही ब्रॅकेट ही पट्टी काढून तिच्या जागी बसतात. आम्ही मुद्दाम असे निवडले जे पट्टीला हात न लावता चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना खालून आणि बाजूने धरतात. गाडी वर्षातले बहुतेक दिवस एकटीच रस्त्यावर धावणार आहे. तिची धडकेतली सुरक्षा कमी करून ओढण्याची सोय नको.

उजवी बाजू सरळ बसली. डावीकडे चेसिसच्या आत कंपनीने बसवलेला एक नट गंजलेला निघाला. बोल्ट दोन फेरे गेला आणि जड झाला. तसाच जोर लावला असता तर नट आत फिरला असता, मग चेसिसची पट्टी कापल्याशिवाय सुटका नव्हती. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलंय.

२० जानेवारी

सकाळी टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) नटाचे आटे साफ केले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दर वेळी तेलाचा थेंब. तपकिरी चिखल बाहेर येत राहिला आणि मग एकदम टॅप हलका झाला. त्यानंतर नवा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला. तो बोटांनी गेला म्हणूनच त्यावर विश्वास ठेवला. पाना लावूनच आत जाणाऱ्या बोल्टचा टॉर्क खरा दिसत नाही: अर्धा जोर गंजाशी झगडण्यात जातो आणि पाना मात्र "झालं" म्हणून खटका देतो.

सगळे बोल्ट एम-१२, ८.८ दर्जाचे. आट्यांना थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद), मग ब्रॅकेटच्या कागदावर दिल्याप्रमाणे ८० न्यूटन-मीटर. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल, आणि ते बघायला ताईला पाना लागणार नाही, टॉर्च पुरे.

बंपर परत बसवताना खालच्या जाळीत दोन चौकोनी खाचा कापाव्या लागल्या. रेडिएटरसमोरची हवा अडत नाही, हे गाडी तापवून पंखा सुरू होईपर्यंत बघितलं.

२५ जानेवारी

उंचीचा प्रश्न. मोटरहोमचा हिच जमिनीपासून ५६० मिमी, गाडीचे ब्रॅकेट ४०० मिमी. फरक १६०. बार शक्यतो आडवा असावा आणि दोन टोकांत ७५ ते १०० मिमीपेक्षा जास्त फरक नसावा, असं बार बनवणारे सांगतात. भावोजींना हा निव्वळ कागदी नियम वाटत होता, म्हणून आकडा काढून दाखवला.

बारची आडवी लांबी साधारण ९०० मिमी. समजा जोरात ब्रेक लागला, अर्ध्या जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराचा), आणि गाडीचे स्वतःचे ब्रेक लागले नाहीत. गाडी पुढे ५२०० न्यूटनच्या आसपास ढकलते. बार तिरपा असल्यामुळे त्या ढकलण्याचा १६० भागिले ९०० इतका हिस्सा उभा होतो: ९२० न्यूटनच्या वर, म्हणजे ९४-९५ किलोचा जोर. आमच्यासारखा हिच वर असेल तर तो जोर मोटरहोमचं मागचं टोक उचलू बघतो आणि गाडीचं नाक दाबतो. ओल्या रस्त्यावर मागची चाकं हलकी होणं कोणाला परवडेल? हिच खाली आणि गाडी वर असेल तर उलटं: गाडीचं नाक उचलतं.

खाली उतरणारा हिचचा तुकडा बसवला, १०० मिमीचा. आता फरक ६०, आणि तोच उभा जोर पस्तीस किलोवर आला. सामान भरल्यावर मोटरहोम मागून थोडी बसते, त्यामुळे प्रवासात फरक आणखी कमी होईल. भावोजींनी मोजपट्टी स्वतः धरून पुन्हा मोजलं.

१ फेब्रुवारी

दिवे. मोटरहोमचा मागचा दिवा, डावा-उजवा इंडिकेटर आणि ब्रेक लाइट या खुणा छोट्या गाडीच्या मागे दिसल्या पाहिजेत. दोन रस्ते होते. एक, गाडीच्याच बल्बना डायोड लावून मोटरहोमची वायर जोडायची. डायोड वीज एकाच दिशेला जाऊ देतो, त्यामुळे मोटरहोमची वीज गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरत नाही. पण साधा सिलिकॉन डायोड ०.७ व्होल्ट खातो. २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, म्हणजे डायोडमध्ये सव्वा वॅटच्या आसपास उष्णता, आणि बल्ब थोडा मंद. दुसरा रस्ता: टेल लाइटच्या खोबणीत वेगळे एलईडी बल्ब बसवायचे, ज्यांचा गाडीच्या वायरिंगशी काही संबंध नाही. आमच्या गाडीच्या खोबणीत जागा होती, म्हणून दुसरा घेतला. भोकं पाडल्यावर रबरी बूच आणि सीलंट, नाहीतर पहिल्याच पावसात काच आतून धुरकटते.

वायरिंग पुढून मागे चेसिसच्या आतल्या कडेने नेलं, एक्झॉस्ट आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, बाकी नालीदार नळीत. सांधे सोल्डर करून वर हीट श्रिंक.

पहिल्या तपासणीत डावा इंडिकेटर लावला की मागचे दिवे लुकलुकत होते. हे अर्थिंगचं लक्षण. मल्टिमीटरने मोटरहोमच्या सॉकेटपासून चेसिसपर्यंत मोजलं तर २.८ ओहम. सॉकेटची मूळ अर्थ वायर रंगावरच आवळलेली होती आणि खाली गंज. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी चकती, दातेरी वॉशर, वर ग्रीस. ०.१ ओहम. लुकलुकणं थांबलं.

२ फेब्रुवारी

स्टिअरिंगचं कुलूप उघडं राहायला किल्ली पहिल्या खुणेवर ठेवावी लागते. त्या खुणेवर गाडी गप्प बसत नाही: मोजलं तर १.४ अँपिअर. आठ तासांच्या प्रवासात ११ अँपिअर-तास, वर गाडीचं ब्रेक पेडल दाबणारं जे खोकं बसवायचंय त्याचा खर्च वेगळा. छोट्या गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर गाडी सुरूच झाली नाही, अशा तक्रारी ऐकायला मिळतात त्या यामुळेच.

म्हणून मोटरहोममधून चार्जिंगची वायर दिली, ६ चौरस मिमीची. बारा मीटर लांबीला १० अँपिअरवर एका वायरीत साधारण ०.३५ व्होल्ट पडतो, तेवढा चालेल. दोन्ही टोकांना १५ अँपिअरचे फ्यूज, कारण बॅटरी दोन्ही टोकांना आहे आणि वायर मध्ये कुठे घासली तर वीज दोन्हीकडून येणार. मोटरहोमच्या बाजूला रिले, इंजिन सुरू असेल तेव्हाच ही वायर जिवंत.

८ फेब्रुवारी

ब्रेक. या कामाला सगळ्यात जास्त वेळ दिला आणि द्यायलाच हवा होता.

गाडीच्या ब्रेक पेडलला जो हलकेपणा असतो तो व्हॅक्यूम बूस्टरमुळे, आणि व्हॅक्यूम इंजिनातून येतो. इंजिन बंद केल्यावर साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा पेडल हलकं जातं, मग दगड होतं. आम्ही घेतलेलं खोकं ड्रायव्हरच्या सीटसमोर ठेवायचं. त्याला स्वतःचा छोटा हवेचा पंप आहे. मोटरहोम मंदावतेय हे आतला सेन्सर ओळखतो आणि दांड्याने पेडल दाबतो, जेवढं मंदावणं तेवढा दाब. बसवताना इंजिन बंद ठेवून आधी पेडल पुन्हा पुन्हा दाबून सगळा व्हॅक्यूम काढला, आणि त्या कडक पेडलवरच दाबाची पातळी लावली. हलक्या पेडलवर लावलेली पातळी रस्त्यावर कमी पडते, कारण तिथे पेडल कडकच असणार. सीट पुढे सरकवून खोक्याची पाठ सीटला घट्ट टेकवली. पाठीला आधार नसेल तर पेडल दाबण्याऐवजी खोकंच मागे सरकतं.

उलटा धोका खोकं पेडल सोडत नसण्याचा. ब्रेक मैलोन्मैल हलके घासत राहतात, तापतात, आणि पुढे पत्ता लागत नाही. म्हणून पेडलच्या स्विचवरून एक वायर थेट मोटरहोमच्या डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यापर्यंत नेली. खोक्यासोबत आलेला रिमोट "मी दाबलं" एवढंच सांगतो. पेडलचा स्विच सांगतो की पेडल खरोखर खाली गेलं, आणि खरोखर वर आलं. ताईला सांगितलं, "तू ब्रेक दाबलास की हा लाल दिवा लागला पाहिजे, पाय काढलास की विझला पाहिजे. दोन्हीपैकी एक जरी चुकलं तर पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं."

ब्रेकअवेची दोरी गाडीच्या नाकावरच्या स्विचला, दुसरं टोक मोटरहोमच्या चेसिसला. टो-बारला किंवा हिचच्या काढत्या तुकड्याला ते बांधत नाहीत: तो तुकडाच निसटला तर दोरीही त्याच्याबरोबर जाईल आणि पिन ओढलीच जाणार नाही. पिन हाताने ओढून पाहिली, खोक्याने पेडल पूर्ण दाबून धरलं. सेफ्टी केबल बारच्या खालून एकमेकींना ओलांडून लावल्या, म्हणजे बार तुटला तर तो केबलवर झेलला जाईल, रस्त्यात रुतणार नाही.

१५ फेब्रुवारी

पहिली चाचणी, मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने. ताई स्टिअरिंगवर, भावोजी आणि मी गाडीच्या दोन्ही बाजूंना. थोडं पुढे जाऊन हलकं डावीकडे, हलकं उजवीकडे घेतलं, तसा आधी बारचा एक हात लांबला आणि जागी अडकल्याचा खटका वाजला, मग दुसरा. दोन्ही खटके ऐकू आल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. वळताना गाडीची पुढची चाकं आपोआप वळत होती.

ताईने विचारलं, "अरे, मग थोडं मागे घेतलं तर?" घ्यायचं नाही. पुढच्या चाकांचा वळायचा अक्ष वरच्या टोकाला किंचित मागे कललेला असतो, त्यामुळे पुढे जाताना चाक ओढीच्या मागोमाग सरळ राहतं, कार्यालयातल्या फिरत्या खुर्चीच्या चाकासारखं. मागे ढकललं की तेच चाक उलटायला बघतं, एका बाजूला पूर्ण वळतं, आणि गाडी आडवी होऊन सगळा जोर बारच्या हातांवर येतो. हात वाकतात. अडचणीत सापडलं तर गाडी सोडायची, दोन्ही वेगळ्या मागे घ्यायच्या, पुन्हा जोडायच्या.

मग आतल्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने फेरी मारून थांबलो आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चाकांची मधली बाजू मोजली. पुढची दोन ३१ आणि ३२ अंश, मागचं उजवं ३४, मागचं डावं ६१. लाल दिवा एकदाही चुकीचा लागला नव्हता, म्हणजे पेडलचा दोष नाही. एकाच मागच्या चाकाला उष्णता म्हणजे हँडब्रेक.

१६ फेब्रुवारी

डावं मागचं चाक जॅकवर घेतलं. हँडब्रेक पूर्ण सोडलेला असूनही हाताने फिरवताना चाक ओढ घेत होतं. ड्रम उघडला. केबल आपल्या आवरणात गंजून अडकली होती, लिव्हर खाली गेला तरी ती अर्धीच परत येत होती. एरवी इंजिनाच्या जोरावर गाडी चालते तेव्हा एवढी ओढ कोणाच्या लक्षात येत नाही, फार तर पेट्रोल थोडं जास्त जातं. मोटरहोममागे शेकडो किलोमीटर असंच गेलं असतं तर ब्रेक शू जळले असते.

नवी केबल टाकली, ड्रम आणि शू घासून साफ केले, चाक जुळवलं. बोटाने ढकललं तर दोन फेरे फिरून थांबलं. उजवी केबलही त्याच वयाची आहे, म्हणून तीही बदलली.

२२ फेब्रुवारी

मोठ्या रस्त्यावर. चारही चाकं आता ३३ ते ३६ अंशांत. ब्रेक दाबला की लाल दिवा लागतो, सोडला की विझतो. ताई म्हणाली, मागे काही आहे असं वाटतच नाही. मी म्हटलं, "म्हणूनच मागचा कॅमेरा प्रवासभर चालू ठेवायचा." कॅमेऱ्यात गाडीचं बॉनेट आणि पुढची दोन्ही चाकं दिसतील असा कोन लावलाय.

लांब उतारावर गिअर खाली घेऊन मोटरहोमचं इंजिन वेग धरतं, ब्रेक फार लागत नाही. चढावर वेग पूर्वीपेक्षा लवकर पडतो, तेवढं धरूनच ओव्हरटेक करायचं. एकूण लांबी आता जवळपास साडेबारा मीटर. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे, कारण मागे घेणं नाही.

घरी आल्यावर पांढऱ्या रेघा पाहिल्या. एकही तुटलेली नाही. तरी टॉर्क पाना पुन्हा लावला. दोन बोल्टनी किंचित घेतलं, रंगाचा थर दबल्यामुळे. ते अपेक्षितच असतं, पहिल्या प्रवासानंतर पाना लावायचाच.

१ मार्च

आज ताईने सगळं एकटीने केलं, मी आणि भावोजी लांब उभे. मोटरहोम सरळ रेषेत उभी, गाडी तिच्या मागे आणली. हात ब्रॅकेटला, पिना, पिनांच्या क्लिपा. केबल, ब्रेकअवेची दोरी, वायरिंगचा प्लग. मग गाडीत बसून पेडल दाबून व्हॅक्यूम काढला, खोकं बसवलं, किल्ली पहिल्या खुणेवर, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि हँडब्रेक सगळ्यात शेवटी सोडला. किल्ली आत राहते, म्हणून दरवाजे दुसऱ्या किल्लीने बाहेरून लावले. ती दुसरी किल्ली आता मोटरहोमच्या किल्लीच्या जुडग्यातच ठेवलीय. दिवे लागतात का, तेवढंच भावोजींनी मागे उभं राहून सांगितलं. ती गाडीभर पुढे गेली, दोन्ही खटके वाजले, खाली उतरून चारही चाकं फिरली का ते तिने पाहिलं.

सोडताना जमीन थोडी तिरपी होती आणि उजव्या हाताचा खटका अडकला. बार ताणात असला की असं होतं. हातोडी मारायची नाही. मोटरहोम जागेवर पक्की असताना गाडीत बसून स्टिअरिंग थोडं हलवलं, ताण गेला, खटका सुटला.

टायरच्या हवेचे सेन्सर अजून यायचे आहेत. ते गाडीच्या चारही चाकांना बसवून त्यांचा पडदा ताईच्या समोर लावायचा आहे, कारण मागचा टायर हळूहळू बसत गेला तर कॅमेऱ्यात ते फार उशिरा दिसतं. सेन्सर येईपर्यंत दर दोन तासांनी थांबायचं, चाकांना हात लावून उष्णता बघायची, प्रेशर गेजने हवा मोजायची, असं ठरलं आहे. आकडे लिहायला डॅशबोर्डवर वही बांधून दिली.